तेहतीस पौंडांचे बापू

पहाटे साडेपाचला आमच्या कॉलनीत तीन आवाज होतात. दूधवाल्याच्या मोटारसायकलचा, मारुतीच्या देवळातल्या घंटेचा आणि बापूंच्या पंपाचा. पहिले दोन कानांच्या अंगवळणी पडले, तिसरा पडत नाही. गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या खोबणीत वायर खुपसून चालणारा तो वीतभर पंप पिसाळलेल्या मिक्सरसारखा ओरडतो. सात-आठ सेकंद ओरडून गप्प होतो. त्या शांततेत बापू गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून गेज वाचताहेत, हे आम्हाला अंथरुणातूनच दिसतं. मग बारीक 'फिस्स'. म्हणजे जरा जास्त झाली होती, सोडली. पुन्हा पंप. पुन्हा फिस्स. चार चाकं होईपर्यंत कॉलनीची झोप संपते आणि चहाची भांडी वाजायला लागतात.

साताऱ्यात 'हवा' म्हटलं की एक तर महाबळेश्वरची, नाही तर निवडणुकीतली. आमच्या कॉलनीत मात्र हवा म्हणजे बापूंची, आणि ती पौंडात मोजायची. "काय बापू, आज किती?" असं कुणी विचारलं तर बापू तब्येतीबद्दल बोलत नाहीत. "पुढे तेहतीस, मागे तेहतीस," म्हणतात. त्यांचा रक्तदाब किती हे त्यांच्या डॉक्टरांनाही त्यांच्याकडून कळलेलं नाही.

हे वेड आभाळातून पडलेलं नाही. बापूंनी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात काढली. कुठल्या आठवडी बाजारात कुणाच्या तागडीखाली चिंच चिकटवलेली आहे, कुणाच्या लोखंडी वजनाच्या बुडातलं शिसं खरवडलंय, कोण लिटरचं माप आतून ठोकून घेतो, हे शोधण्यात त्यांची उमर गेली. असा माणूस निवृत्त झाला तरी त्याचा संशय निवृत्त होत नाही. भाजीवाल्यांनी त्यांना पाहिलं की काटा आपोआप सरळ उभा राहतो. पेट्रोलपंपावर तपासणीसाठी पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर ते दाखवावं लागतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बापू ते मागतात. मागे दहा गाड्या हॉर्न मारत असतात आणि बापू खाली वाकून मापाच्या मानेवरची रेघ न्याहाळत असतात.

निवृत्तीनंतर त्यांनी एक लहान पेट्रोल गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात त्यांना दुःखाचं मूळ सापडलं. शोरूमवाल्यानं सांगितलेलं ॲव्हरेज गाडी देत नव्हती. तुम्हाआम्हाला गाडी घेताना जे सांगतात त्यातले दोन-तीन किलोमीटर आपण मनातल्या मनात वजा करूनच सही करतो. बापूंच्या लेखी हे चिंच लावलेल्या तागडीइतकंच होतं. त्यांनी लाल कापडी बांधणीची एक खतावणी आणली आणि रकाने आखले: तारीख, किलोमीटर, लिटर, प्रवासी, ऊन-पाऊस, हवा, शेरा. टाकी नेहमी फुल, नेहमी त्याच पंपावर, त्याच नोझलनं, आणि पहिला 'टक्' आवाज आला की बंद. पोरानं सवयीनं वरचे चाळीस रुपये राउंड करायला पुन्हा नोझल दाबलं तर बापू त्याचा हात धरत. "अरे, माझी दोनशे किलोमीटरची तपश्चर्या आहे ही!"

एकदा त्यांना पीसीआरएचं पत्रक मिळालं. पेट्रोल वाचवा म्हणून सांगणारी ही सरकारी संस्था 1978 पासून आहे. गाडी ताशी 45 ते 55 किलोमीटरनं चालवा आणि टायरमधली हवा नीट ठेवा, हे तिचे जुनेच सल्ले. पहिला सल्ला बापूंनी हायवेवर पाळून पाहिला. आनेवाडीच्या टोलनाक्यापासून शिरवळपर्यंत ताशी 50. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी त्यांच्या पूर्वजांची जी आठवण काढली त्यानंतर काकूंनी, म्हणजे बापूंच्या पत्नीनं, त्या वेगानं गाडीत बसायला नकार दिला. राहिला दुसरा सल्ला. हवा.

आता हवेचं शास्त्र तसं चार ओळींचं आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो, फिरताना दर फेरीला जास्त वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. त्या मळणीत रबर तापतं आणि ती उष्णता तुमच्या पेट्रोलमधूनच येते. फार कमी असली तर टायर इतका तापतो की फुटतो. टायर चांगला असला तरी महिन्याला पौंडभर हवा आपसूक जाते, म्हणून महिन्यातून एकदा तपासायची. किती ठेवायची ते ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. झालं.

बापूंना ही पट्टी पहिल्या दिवसापासून माहीत होती. 33 लिहिलं होतं तिच्यावर, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना 36. पण ज्यानं गाडी बनवली त्यानंच आकडा सांगायचा आणि आपण मानायचा, हे त्यांच्या खात्याच्या शिस्तीत बसेना. "मास्तर, दुकानदार स्वतःच्या वजनावर स्वतःच शिक्का मारतो का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. तिथेच चुकलो. मी हो म्हणायला हवं होतं. पुढची दोन वर्षं वाचली असती.

सुरुवात झाली पेट्रोलपंपावर जाण्यापासून. आठवड्यातून दोनदा बापू हवा बघायला जात. पंप घरापासून चार किलोमीटर. तिथलं यंत्र एक आकडा दाखवी, बापूंच्या खिशातलं पेनासारखं गेज दुसरा, आणि हायवेवरच्या टायरवाल्याचं घड्याळी गेज तिसरा. बापूंनी तिन्ही आकडे मांडून सरासरी काढली आणि खतावणीत खाली लाल शाईनं लिहिलं: 'कोणीही विश्वासार्ह नाही.' शिवाय आकडा थंड टायरचा हवा. गाडी तीन तास उभी असली पाहिजे, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली. चार किलोमीटरवरच्या पंपावर पोचेपर्यंत टायर गरम. म्हणजे पंपावर जाऊन थंड टायरची हवा मोजणं म्हणजे सासरी जाऊन माहेरचं जेवण मागणं. बापूंनी एकदा वॉचमनला गाडी ढकलत नेता येईल का, असंही विचारून पाहिलं. वॉचमन नुकताच हर्नियाचं ऑपरेशन करून आला होता, म्हणून वाचला.

दिशेचाही प्रश्न होता. गाडी पूर्वेला तोंड करून उभी, म्हणजे सकाळभर उजव्या बाजूच्या चाकांवर ऊन. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की साधारण एक पौंड वाढतो. उजवीकडे 34, डावीकडे 33. बापूंनी उजव्या चाकांवर ओली गोणपाटं टाकली. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, आत आंबे पिकत घातलेत.

हे सगळं काकूंनी थांबवलं. भांडून नव्हे, बापूंच्याच पद्धतीनं. दुधाच्या बिलाच्या मागे त्यांनी हिशेब मांडला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ आकडा असा, की हवा एक पौंड कमी झाली तर पेट्रोल सुमारे 0.2 टक्के जास्त जातं. हा आकडा बापूंनीच फळ्यावर लिहून ठेवला होता. वर्षाला गाडी चालते सहा हजार किलोमीटर, लागतं साडेतीनशे लिटर. आधी 29 ठेवायचे, आता 33. चार पौंडांची बचत म्हणजे वर्षाला पावणेतीन लिटर. आणि आठवड्यातून दोनदा पंपावर जाऊन येणं, आठ किलोमीटरची एक खेप, वर्षाला 832 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एकोणपन्नास लिटर.

"पावणेतीन वाचवायला एकोणपन्नास जाळलेत तुम्ही," काकू म्हणाल्या. "तुमच्या खात्यात असल्या दुकानदाराला काय दंड करायचे?"

बापू तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कुरिअरनं तो पंप आला. तेव्हापासून आमची झोप गेली.

पण खरा अनर्थ पुढेच होता. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात कमाल दाब छापलेला असतो. त्यांच्या टायरवर 51 होता. त्या टायरनं सोसायची ती शेवटची मर्यादा, गाडीसाठीचा सल्ला नव्हे. पण रबरात कोरलेला आकडा! कागदी पट्टी कुणीही चिकटवेल, शिक्का कोरावाच लागतो, हे खात्यात मुरलेलं तत्त्व बापूंच्या कामी आलं, म्हणजे आड आलं. हवा जास्त तर घर्षण कमी, घर्षण कमी तर ॲव्हरेज जास्त. मग 33 वर का थांबायचं? सुरक्षित कुठवर जाता येतं, ते आपण शोधू.

असं म्हणून बापू चढत गेले. 35 ला ॲव्हरेज 17.4. 37 ला 17.6. 40 ला 17.7. प्रत्येक दशांश ते मला फोन करून सांगायचे. मी वर्गात असलो तरी. 40 ला गाडी बैलगाडीसारखी वाजू लागली. गतिरोधकावरून गेली की आधी गाडी उडे, मग काकू, मग काकूंच्या मांडीवरचा डबा. एकदा पोह्यांचा डबा मागच्या काचेपर्यंत गेला. बापूंनी शेरा लिहिला: 'प्रवासी तक्रार. दुर्लक्ष करण्याजोगी.'

42 वर ते महाबळेश्वरला निघाले. मेढ्यावरून, केळघर घाटानं. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता आणि रस्त्यावर तेलकट तकाकी होती. फुगवून ताठ केलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, कडा रस्त्याला लागतच नाहीत, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका वळणावर म्हैस आडवी होती. बापूंनी ब्रेक मारला. गाडी थांबली, पण बापूंना वाटलं तिथं नाही. तिच्या मनाला आलं तिथं. म्हैस आणि बंपर यांच्यात किती अंतर उरलं होतं हे खतावणीत नाही. काकू सांगतात, म्हशीच्या श्वासानं काच धुरकटली होती.

परत येताना एका खड्ड्यात पुढचं डावं चाक दणकून आपटलं आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला. हायवेवरच्या टायरवाल्यानं चाक खोललं, हातानं रबर चाचपलं आणि मान हलवली.

"बापू, मदी टक्कल पडलंय की वो. कडंला केस हायत. किती हवा ठेवताय?"

"बेचाळीस."

"आन् पट्टीवर किती हाय?"

बापू गप्प.

"मंग कशाला चिटकवलीया ती? लग्नाला आहेर म्हणून?"

टायरवाला शाळेत माझ्याच हाताखाली होता. गणितात दोनदा नापास. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. त्यानं बापूंना एक युक्ती सांगितली. टायरवर आडवी खडूची रेघ ओढायची, सरळ थोडं अंतर जायचं आणि बघायचं. मधला खडू पुसला, कडेचा राहिला तर हवा जास्त. कडेचा पुसला, मधला राहिला तर कमी. सगळी रेघ सारखी फिकट झाली तर बरोबर. बापूंना असं काही मिळालं म्हणजे पाहायला नको. खडू संपला तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याजवळची रांगोळी नेली. लक्ष्मीपूजनाला काकूंना दारात काढायला रांगोळी उरली नाही. चार टायरांवर मात्र ठसठशीत होती.

ती रेघ, काटेकोर, तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी, 33 वर सारखी पुसली गेली.

बापूंनी शरणागती लगेच पत्करली नाही. आधी नायट्रोजनची बाजू चाचपून पाहिली. त्या दुकानातल्या मुलाला विचारलं, "साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. मग मी पैसे उरलेल्या बावीस टक्क्यांचे देऊ की सगळ्याचे?" मुलानं आत जाऊन मालकाला विचारलं. मालक बाहेर आलाच नाही. मग पुण्याला लेकीकडे जाताना एक चूक झाली, जी आपल्यातले निम्मे लोक बिनदिक्कत करतात. खंबाटकीचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरला थांबले, गेज लावलं, 37. हायवेवर चाललेला टायर तापून चार पौंड वर जाणारच. ते गृहीत धरूनच पट्टीवरचा आकडा ठरवलेला असतो. बापूंनी मात्र सगळ्या चाकांची चार-चार पौंड हवा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या पार्किंगमध्ये थंड टायर 29. तिथं पंप नव्हता, तो साताऱ्यात राहिला होता. पुण्याच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला माणूस शांत झोपला, एवढीच त्या दिवशीची जमेची बाजू.

एक प्रसंग मात्र त्यांच्या बाजूनं सांगितलाच पाहिजे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला. सिमेंटचा सरळसोट रस्ता, मोटारींना ताशी 120 ची मुभा. झिजके किंवा नीट हवा नसलेले टायर अशा रस्त्यावर तासन् तास तापतात आणि फुटतात. अपघात वाढले तसे आरटीओचे लोक महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासू लागले, गुळगुळीत टायरवाल्या गाड्या माघारी धाडू लागले. बापू भाच्याच्या लग्नाला नागपूरला निघाले होते. शिर्डीच्या बाजूला तपासणी चालू होती. शिपायानं त्यांची पांढरी केसं पाहिली आणि हातानंच 'जा' म्हणून खूण केली.

बापूंनी गाडी पुढे नेली, बाजूला घेतली, उतरले, चालत मागे आले.

"माझे का नाही तपासले?"

"काका, तुमचे चांगले दिसतात."

"दिसतात? तुम्ही दिसण्यावर सोडता? कायद्यानं खाच 1.6 मिलिमीटर लागते. माझी पावणेसहा आहे. मोजा."

शिपायाकडे मोजायचं साधन त्या क्षणी नव्हतं. बापूंकडे होतं. त्यांनी स्वतःच्या गेजनं, स्वतःच्या टायरची खाच, सरकारी माणसाला मोजून दाखवली, आणि मागे लागलेल्या रांगेतल्या आणखी तीन गाड्यांचीही. त्यातली एक जीप त्या शिपायानं खरोखर माघारी पाठवली. नागपूरच्या मांडवात बापूंनी हे नवरदेवापेक्षा जास्त वेळा सांगितलं.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या गाडीतून महाबळेश्वरला गेलो. पोचल्यावर मी चहाकडे वळलो, बापू चाकाकडे. गाडी तीन तास सावलीत उभी राहिल्यावर त्यांनी गेज लावलं आणि मला हाक मारली. बरोबर 33. "कळलं का मास्तर?" म्हणाले. साताऱ्याहून महाबळेश्वर सुमारे 600 मीटर उंच. वर बाहेरची हवा विरळ, आणि गेज मोजतं तो आतला-बाहेरचा फरक, म्हणून एक पौंड वाढायला हवा. पण वर पाच-सहा अंश थंडही आहे, म्हणून एक पौंड कमी व्हायला हवा. वाढला तेवढा गेला. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पेन्शन वाढली तेव्हाही पाहिलं नव्हतं. सह्याद्रीनं त्यांच्या वजनावर शिक्का मारला होता.

खतावणीचं शेवटचं भरलेलं पान त्यांनी मला दाखवलं. 33 ला मुळात ॲव्हरेज 17.3. बेचाळीसपर्यंत जाऊन, पोहे उडवून, टायर घालवून, म्हैस हुकवून जे अर्धा किलोमीटरही नीट वाढलं नव्हतं, ते आता सिग्नलला हलकं ब्रेक मारून, उगाच एक्सिलरेटर न दाबता भरून निघत होतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पट्टी बरोबर. तपासून घेतली.'

मी हसलो. त्यांच्या पाठीमागे कॉलनीत आम्ही सगळेच हसतो.

परवा मला पुण्याहून विमान धरायचं होतं. पहाटे पाच वाजता गाडीपाशी आलो तर मागचं उजवं चाक जमिनीला चिकटलेलं. पंक्चर. घाईनं डिकी उघडून स्टेपनी काढली, जॅक लावला, चाक बदललं, गाडी खाली उतरवली आणि नवं चाकही तितकंच चपटं बसलं. गाडी घेऊन पाच वर्षं झाली. स्टेपनीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या पार्किंगमध्ये टॉर्चचा उजेड हलला. बापू पंप घेऊन आले. काही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला, माझ्या दाराच्या खांबावरची पट्टी वाचली, मग गेज लावलं. कॉलनी झोपलेली होती आणि तो पंप माझ्यासाठी चार मिनिटं सलग ओरडला. मी एका शब्दानं तक्रार केली नाही.

निघताना आरशात पाहिलं. बापू दिव्याच्या खांबाखाली उभे राहून खतावणीत कोरं पान उघडत होते. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, वर माझं नाव आहे आणि खाली एकच नोंद: 'स्टेपनी, 9 पौंड.'